डोंगल काढला, तरी क्युबेस उघडताना लायसन्सची खिडकी पुन्हा पुन्हा का येते?

लक्षण साधारण असं असतं. जुन्या क्युबेसवरून, म्हणजे संगीत रेकॉर्ड करायच्या या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवरून, तुम्ही बारा, तेरा किंवा चौदावर आलात. पैसे भरले, अ‍ॅक्टिव्हेशन झालं, यूएसबीचा डोंगल, म्हणजे लायसन्स साठवणारी काडी, काढून ड्रॉवरमध्ये टाकला. क्युबेस उघडतं, रेकॉर्डिंगही होतं. पण दर वेळी सुरू होताना मध्येच एक खिडकी उगवते: 'नो व्हॅलिड लायसन्स फाउंड'. ओके दाबलं की जाते, कधी तीन-चारदा दाबावं लागतं, तर कधी तिथेच सगळं गोठतं. बूथमध्ये गायिका हेडफोन लावून उभी, निर्माता घड्याळाकडे बघतोय, आणि तुम्ही ओके दाबत बसलाय. मग कुणीतरी सल्ला देतं, 'सगळं काढून परत टाक.' रात्र घालवून परत टाकलं, तरी सकाळी खिडकी हजर.

काढून परत टाकायची गरज बहुतेक वेळा नसते, फॉरमॅटची तर मुळीच नाही. फॉरमॅटमुळे उलट नुकसान होऊ शकतं, ते पुढे सांगतो. पुढचं सगळं विंडोज धरून लिहिलंय. मॅकवर जिथे फरक आहे तिथे तसं म्हटलंय.

मुळात झालंय काय

क्युबेस बनवणारी स्टाइनबर्ग ही हॅम्बुर्गची कंपनी, १९८४ सालची. १९८९ मध्ये क्युबेस आलं ते अटारी एसटी संगणकावर, आणि तेव्हापासून त्यांचा भरवसा हातात धरता येईल अशा कुलपावर. अटारीच्या कार्ट्रिजच्या खाचेत डोंगल, नंतर पीसीच्या प्रिंटर पोर्टवर डोंगल, मग यूएसबीवर. या शेवटच्या यूएसबीवाल्याचं नाव ई-लायसेन्सर, आणि तो चालवणाऱ्या मूळ तंत्राचं नाव सिंक्रोसॉफ्ट. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, पुढे फायलींच्या नावात भेटेल.

जानेवारी २०२२ मध्ये स्टाइनबर्गचं डोरिको ४ हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा नवी पद्धत सुरू झाली, मार्चमध्ये क्युबेस १२ तिच्यावर आलं आणि पाठोपाठ न्युएन्डो, वेव्हलॅब वगैरे त्यांची बाकीची सॉफ्टवेअर. नव्या पद्धतीत लायसन्स स्टाइनबर्ग आयडीवर, म्हणजे तुमच्या खात्यावर असतं आणि एका लायसन्सवर तीन संगणक अ‍ॅक्टिव्हेट करता येतात. सुरुवातीच्या आराखड्यात संगणक दोनच होते आणि ठरावीक दिवसांनी इंटरनेटवर हजेरी लावायची अट होती. वापरणाऱ्यांनी ओरड केल्यावर दोनाचे तीन झाले आणि हजेरी गेली. 'महिन्यातून एकदा नेट जोडलं नाही तर बंद पडतं' असं अजून कानावर येतं, ते त्या पहिल्या आराखड्याचं उरलेलं ऐकीव ज्ञान आहे. एकदा अ‍ॅक्टिव्हेट केलं की संगणक ऑफलाइन राहिला तरी चालतो.

जुन्या पद्धतीचा सर्व्हर २० मे २०२५ ला बंद झाला. त्यानंतर डोंगलवर असलेलं लायसन्स चालतं, पण ते हलवता, दुरुस्त करता किंवा नव्यानं घेता येत नाही.

आता मुद्दा. नवी पद्धत आली म्हणून जुनी तुमच्या संगणकातून आपोआप गेलेली नाही. दोन्ही शेजारीशेजारी बसलेल्या असतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत. एकाच खोलीचं भाडं मागणारे दोन मालक असावेत तसं हे आहे: तुम्ही एकाला भाडं देऊन पावती घेतलीत, पण दार वाजवतोय दुसरा, आणि त्याच्यासमोर ती पावती नाचवून उपयोग नाही. अ‍ॅक्टिव्हेशन मॅनेजरमध्ये (नव्या पद्धतीची लायसन्स सांभाळणाऱ्या स्टाइनबर्गच्या प्रोग्राममध्ये) सगळं ठीक दिसूनही खिडकी येते, ती यामुळे.

ओके दाबण्याआधी खिडकी वाचा

सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी पायरी हीच, आणि घाईत नेमकी हीच राहते. पुढच्या वेळी खिडकी आली की ओके दाबू नका. मोबाइलनं फोटो काढा.

खिडकीच्या वरच्या पट्टीवर 'ई-लायसेन्सर कंट्रोल' असं असेल, तर दार जुन्या मालकानं वाजवलंय. आतला मजकूर साधारण 'अमुक अ‍ॅप्लिकेशनमुळे पुढील त्रुटी आली' अशा अर्थाचा असतो आणि त्यात अवतरणचिन्हांत एक नाव असतं. ते नाव क्युबेसचंच असेल असं धरून चालू नका. हॅलिअन सॉनिक एसई, ग्रूव्ह एजंट, पॅडशॉप, रेट्रोलॉग अशा स्टाइनबर्गच्या सॉफ्टवेअर वाद्यांपैकी काहीही असू शकतं, आणि ते नाव मिळालं की अर्धं काम झालं.

खिडकी अ‍ॅक्टिव्हेशन मॅनेजर उघडायला सुचवत असेल, तर ती नव्या पद्धतीची. तिची कारणं वेगळी: खातं, इंटरनेट, घड्याळ. त्यासाठी हा पुढचा भाग सोडून सरळ 'खातं कुणाचं?' इथे जा. या दोन खिडक्यांची सरमिसळ करून दोन्हीकडचे उपाय एकदम करत सुटलं की शेवटी कशानं काय झालं तेच कळत नाही.

जुनी वाद्यं शोधून बाजूला काढा

क्युबेस उघडताना प्लग-इन्सच्या (त्याला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या) फोल्डरांत जाऊन एकेक वाद्य आणि इफेक्ट तपासतं. क्युबेस १२ सोबत आलेली वाद्यं नव्या पद्धतीवर चालतात. पण क्युबेस ८ किंवा ९ च्या काळात टाकलेली त्यांचीच जुनी भावंडं डिस्कवर तशीच पडलेली असतात. तपासणीत त्यांचा नंबर आला की ती आपल्या सवयीनं डोंगल शोधतात. डोंगल ड्रॉवरमध्ये. झालं, खिडकी.

आणखी एक गट आहे तो वेगळी किंमत मोजून घेतलेल्या मोठ्या वाद्यांचा. संपूर्ण हॅलिअन ६ डोंगलवर होतं, नव्या पद्धतीवर आलं ते हॅलिअन ७ पासून. म्हणजे क्युबेसचं अपग्रेड घेतलं म्हणून हॅलिअन ६ डोंगलमधून सुटत नाही. दोन्हीची पावती वेगळी.

शोधायचं कुठे? सी ड्राइव्हवर 'प्रोग्राम फाइल्स', त्यात 'कॉमन फाइल्स', त्यात 'व्हीएसटी३', त्यात 'स्टाइनबर्ग'. व्हीएसटी हा प्लग-इन्सचा साचा, आणि हे झालं त्याच्या नव्या साच्याचं फोल्डर. जुन्या व्हीएसटी२ साच्याची वाद्यं 'प्रोग्राम फाइल्स', 'स्टाइनबर्ग', 'व्हीएसटी प्लग-इन्स' इथे असतात, आणि त्रास देणारी प्रत पुष्कळदा इथेच सापडते: नवं क्युबेस टाकताना व्हीएसटी३ ची प्रत बदलली जाते, व्हीएसटी२ ची मागे राहते. मॅकवर मुख्य 'लायब्ररी', 'ऑडिओ', 'प्लग-इन्स' या वाटेनं जा. घराचं चिन्ह असलेल्या तुमच्या वैयक्तिक लायब्ररीतही तशीच वाट आहे, तीही बघा.

फोल्डर उघडल्यावर 'डेट मॉडिफाइड'वर क्लिक करून तारखेनुसार लावा. वर २०२३-२०२४ च्या फायली दिसतील, आणि खाली एक झुबका २०१५, २०१६, २०१८ असा. संशयित तिथे. फोटोतल्या खिडकीत जे नाव होतं ते या झुबक्यात आहे का बघा.

सापडलं की डिलीट करू नका आणि नावही बदलू नका. डेस्कटॉपवर 'जुनी वाद्यं' असं एक फोल्डर करा आणि फाइल तिथे हलवा. विंडोज अ‍ॅडमिनची परवानगी मागेल, ती द्या. मग क्युबेस उघडा. खिडकी आली नाही तर निदान झालं. दुसऱ्याच नावाची खिडकी आली तर त्या नावाची फाइल हलवा, कारण एक गेल्यावर रांगेतलं पुढचं बोलू लागतं आणि ते पाहून लोकांना वाटतं उपाय चाललाच नाही.

क्युबेसच्या आतूनही हे करता येतं. स्टुडिओ मेन्यूत व्हीएसटी प्लग-इन मॅनेजर आहे आणि त्यात ब्लॉकलिस्टचा वेगळा टॅब आहे. पण क्युबेस उघडतच नसेल तर तिथवर पोचणार कसे? म्हणून फाइल हलवण्याचा मार्ग आधी सांगितला.

एक गोष्ट मात्र करू नका. सुरू होताना कंट्रोल, शिफ्ट आणि आल्ट एकदम दाबून धरल्या की प्रेफरन्सेस पुसण्याचा पर्याय येतो, आणि क्युबेसचं काहीही बिघडलं की हाच उपाय सुचवणारी मंडळी आहेत. लायसन्सचा प्रेफरन्सेसशी संबंध नाही. खिडकी तशीच राहील, वर इतक्या वर्षांत बसवलेले की-कमांड्स आणि मांडणी घालवून बसाल.

बाजूला काढलेल्या वाद्याची नवी आवृत्ती स्टाइनबर्ग डाउनलोड असिस्टंटमध्ये आहे का ते बघा. हॅलिअन सॉनिक एसईच्या जागी आता हॅलिअन सॉनिक ७ आहे आणि ते फुकट आहे. ते टाका, एखाद्या जुन्या गाण्याची प्रत करा आणि प्रतीवर तपासा. मूळ प्रोजेक्टवर प्रयोग नको.

खिडकीत नाव खुद्द ई-लायसेन्सरच्याच फाइलचं असेल तर

काही संगणकांवर तक्रार वाद्याची नसते, तर 'सिन्सोपॉस' नावाच्या एका प्रोग्रामची असते. सिंक्रोसॉफ्टचा हा पार्श्वभूमीत चालणारा भाग, 'प्रोग्राम फाइल्स एक्स८६' मधल्या 'ई-लायसेन्सर' फोल्डरात राहतो. जुनं वाद्य डोंगलशी बोलतं ते याच्यामार्फत. अँटिव्हायरसनं याला उचलून क्वारंटाइनमध्ये टाकलं, किंवा आधीच्या वेळी क्युबेस आपटलं तेव्हा हा टास्क मॅनेजरमध्ये अर्धवट लटकून राहिला, तर जुनी वाद्यं अडतात आणि त्यांच्यासोबत नवं क्युबेसही उघडताना अडकतं.

टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये तो दिसत असेल तर 'एंड टास्क' करून क्युबेस पुन्हा उघडा. अँटिव्हायरसच्या इतिहासात त्याचं नाव असेल तर परत आणा आणि अपवादांच्या यादीत घाला.

इथे एक निर्णय तुमचा तुम्हाला घ्यायचाय. डोंगलवरचं एकही वाद्य आता वापरायचं नसेल, तर आधी सगळी जुनी वाद्यं बाजूला काढा आणि मग डोंगलवरची लायसन्स सांभाळणारा प्रोग्राम, ई-लायसेन्सर कंट्रोल सेंटर, अनइन्स्टॉल करा. क्रम उलटा झाला, म्हणजे कंट्रोल सेंटर आधी गेलं आणि वाद्यं मागे राहिली, तर खिडक्या कमी होण्याऐवजी वाढतात. आणि डोंगलवरचं एखादं जरी वाद्य हवं असेल, तर कंट्रोल सेंटरला हात लावू नका. ते उघडल्यावर सर्व्हरशी संपर्क होत नाही अशी तक्रार करेल. करू द्या. तो सर्व्हर आता नाहीच.

खातं कुणाचं?

इथून पुढचं नव्या पद्धतीच्या खिडकीबद्दल. अ‍ॅक्टिव्हेशन मॅनेजर उघडलं, साइन-इनही झालं, पण यादी रिकामी. किंवा यादीत भलतंच काहीतरी, क्युबेस नाही.

अ‍ॅक्टिव्हेशन मॅनेजर साइन-इनसाठी तुमचा नेहमीचा ब्राउझर उघडतं. त्या ब्राउझरमध्ये आधीच दुसऱ्या कुणाचं स्टाइनबर्ग खातं उघडं असेल, तर ते मुकाट्यानं त्याच खात्यात शिरतं. स्टुडिओचा संगणक चार जण वापरत असतील तर हे हमखास होतं. अरेंजर येतो, आपल्या आयडीनं काहीतरी उतरवून घेतो आणि साइन-आउट न करता जातो. अ‍ॅक्टिव्हेशन मॅनेजरमधल्या ईमेलकडे नीट बघा. तुमचा नसेल तर तिथून साइन-आउट, ब्राउझरमध्येही साइन-आउट, आणि मग पुन्हा आत. ब्राउझरमधून परत प्रोग्रामकडे येताना अ‍ॅड-ब्लॉकर आडवा येतो, तेवढ्यापुरता तो बंद ठेवा.

याहून किचकट प्रकार म्हणजे दुकानदाराचं खातं. डोंगलच्या काळात लायसन्स डोंगलमध्ये होतं, त्यामुळे खातं कुणाच्या नावावर आहे याची कुणाला पडलेली नव्हती. कीबोर्ड आणि ऑडिओ इंटरफेससोबत क्युबेस घेतलं, दुकानातल्या मुलानं घरी येऊन सगळं बसवून दिलं आणि नोंदणी केली ती स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलवर. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या स्टुडिओंचं असंच झालेलं आहे. तेव्हा काही अडलं नाही. आता लायसन्स म्हणजेच खातं, आणि ते खातं दुसऱ्याच्या हातात. तो मुलगा नोकरी सोडून गेला असेल तर पासवर्डही गेला.

यावर जुगाड नाही. बिल शोधा. त्या मुलाशी संपर्क होत असेल तर त्याच्याकडूनच, त्याच्या खात्याच्या ईमेलवरून स्टाइनबर्ग सपोर्टला मेल पाठवायला लावा, कारण नोंदणी त्याच्या नावावर आहे. होत नसेल तर बिलाचा फोटो आणि दोन्ही ईमेल पत्ते देऊन तुम्ही लिहा. आज सगळं चालतंय म्हणून हे पुढे ढकलू नका. नवा संगणक घ्याल त्या दिवशी हीच अडचण घाईच्या वेळी उभी राहील.

कोडचाही एक घोळ होतो. आताचा डाउनलोड अ‍ॅक्सेस कोड टाकायचा तो स्टाइनबर्ग डाउनलोड असिस्टंटमध्ये. ई-लायसेन्सर कंट्रोल सेंटरमध्येही कोड टाकायची जागा दिसते, पण ती जुन्या पद्धतीची. तिथे नवा कोड टाकून 'चुकीचा कोड' असं आलं म्हणून विकणाऱ्याशी भांडण काढण्यात अर्थ नाही.

आधी क्रॅक होतं का?

क्रॅक म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली चोरटी प्रत. हा प्रश्न विचारला की समोरचा गप्प होतो, पण निवारणासाठी तो विचारावाच लागतो. नैतिकतेचा धडा इथे द्यायचा नाही. पूर्वी क्रॅक वापरणाऱ्यानं आता रीतसर विकत घेतलं असेल तर चांगलंच आहे. अडचण अशी की क्रॅक बसवताना त्यानं स्टाइनबर्गच्या सर्व्हरकडे जाणारा रस्ताच बंद केलेला असतो, आणि तुम्ही पैसे भरलेत हे त्या अडथळ्याला ठाऊक नसतं. मग डाउनलोड अडतं, साइन-इन अडतं, अ‍ॅक्टिव्हेशन फिरत राहतं. ब्राउझरमध्ये बाकी सगळं छान चालतं, फक्त हेच नाही.

दोन जागा तपासा. एक, सी ड्राइव्हवर 'विंडोज', 'सिस्टम३२', 'ड्रायव्हर्स', 'ईटीसी' या फोल्डरातली 'होस्ट्स' नावाची फाइल. नोटपॅड 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नं उघडून तीत ही फाइल उघडा. स्टाइनबर्गचं किंवा ई-लायसेन्सरचं नाव असलेल्या, आणि आधी १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० लिहिलेल्या ओळी दिसल्या तर त्या काढून सेव्ह करा. दोन, विंडोज फायरवॉलचे 'आउटबाउंड रूल्स'. तिथे क्युबेसच्या नावानं लाल खुणेचा नियम असेल तर तो काढा. संगणक रीस्टार्ट करा. पुष्कळांची गाडी इथेच सुटते.

आणि क्रॅकच्या काळातली वाद्यं राहिली असतील तर ती काढाच. नव्या खऱ्या क्युबेसच्या पोटात ती राहिली की खिडक्या कुठून येतात याचा माग लागत नाही.

लाइट गेली की परत साइन-इन होत नाही

हे खास जुन्या असेंबल्ड पीसीचं दुखणं. दिवसभर भारनियमन, इन्व्हर्टर फक्त पंख्याला, रात्री मेन स्विच बंद करून घरी. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्टिव्हेशन मॅनेजर साइन-इन करू देत नाही आणि डाउनलोड असिस्टंटही रिकामं. संध्याकाळपर्यंत आपोआप बरं होतं. आठवड्यानं पुन्हा तेच.

उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२. संगणक बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की वीज तुटल्याबरोबर तारीख मागे जाते, कित्येकदा थेट मदरबोर्ड बनला त्या वर्षात. सुरक्षित जोडणी प्रमाणपत्रांच्या तारखा तपासते. संगणकाच्या मते अजून २०१५ असेल तर प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ठरतं आणि साइन-इन नाकारलं जातं. विंडोजनं यथावकाश नेटवरून वेळ सुधारली की सगळं चालू, म्हणून ते 'आपोआप' बरं होतं.

सेल कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानात मिळतो. प्लग काढा, झाकण उघडा, अधिकची बाजू वर ठेवून नवा बसवा. बायोसमध्ये जाऊन तारीख लावा आणि बायोसमध्ये पूर्वी काही बदललेलं असेल तर तेही परत बघा.

तीन जागा भरल्या

अ‍ॅक्टिव्हेशन नाकारताना मर्यादा संपल्याचं सांगितलं, तर तीन संगणक कुठले ते आठवा. स्टुडिओ, लॅपटॉप आणि तो जुना पीसी, जो मागच्या दिवाळीत भंगारात दिला. मदरबोर्ड बदलला किंवा विंडोज नव्यानं टाकली तर तोच डबा असूनही नवा संगणक धरला जाऊ शकतो. म्हणून फॉरमॅटच्या आधी, विकण्याच्या आधी, दुरुस्तीला देण्याच्या आधी अ‍ॅक्टिव्हेशन मॅनेजरमध्ये जाऊन डिअ‍ॅक्टिव्हेट करायचं. नेट चालू असताना. दुसऱ्याच्या स्टुडिओत जाऊन आपल्या आयडीवर सेशन केलं असेल तर निघताना डिअ‍ॅक्टिव्हेट आणि साइन-आउट, दोन्ही. संगणकच मेलाय आणि डिअ‍ॅक्टिव्हेट करता येत नाही, अशी गत असेल तर सपोर्टला लिहा.

स्टुडिओच्या संगणकाला मुद्दाम नेट ठेवलेलं नसेल तर अ‍ॅक्टिव्हेशनपुरता मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग करा. काम झालं की वायर काढा.

जुन्या गाण्यांसाठी डोंगल ठेवायचाच असेल तर

ठेवा, हरकत नाही. पण तो आता कसा सांभाळायचा हे बदललंय. तो बिघडला किंवा हरवला तर त्यावरचं लायसन्स परत मिळवण्याचा रस्ता उरलेला नाही. लॅपटॉपच्या बाजूला बाहेर आलेला डोंगल म्हणजे कोपराचा धक्का लागायची वाट बघणं. पीसीच्या मागच्या बाजूला थेट मदरबोर्डच्या पोर्टवर लावा, बाहेरच्या स्वस्त हबवर नको. मध्येच 'डोंगल दिसत नाही' होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करायची परवानगी काढून टाका. लॅपटॉपवर पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'ही बंद करा.

माझं मत विचाराल तर डोंगल चालतोय तोवर त्यावरची कामं उरकून घ्या. जुन्या भावगीतांचे, भजनांचे जे प्रोजेक्ट पुन्हा लागू शकतात ते उघडा, प्रत्येक वाद्याचा ट्रॅक 'रेंडर इन प्लेस'नं किंवा एक्सपोर्टमधून ऑडिओ करून ठेवा, शेजारी मिडीही, म्हणजे वाजवलेल्या सुरांची नोंद, ठेवा. सगळे ट्रॅक एकाच ठिकाणाहून, पहिल्या ठोक्यापासून सुरू झालेले हवेत, नाहीतर पाच वर्षांनी ढोलकी आणि टाळ जुळवत बसाल. फाइलच्या नावात टेम्पो आणि सॅम्पल रेट लिहा. ४४.१ चं गाणं ४८ मध्ये उघडून पट्टी चढली, अशी तक्रार घेऊन येणारे कमी नाहीत.

डोंगल नसलेल्या जुन्या छोट्या आवृत्त्या, म्हणजे क्युबेस एलिमेंट्स, एआय, एलई, ज्यांच्याकडे आहेत, त्यांचं लायसन्स 'सॉफ्ट ई-लायसेन्सर' म्हणून संगणकातच आहे. फॉरमॅटमुळे नुकसान होतं म्हटलं ते यांचं. संगणक फॉरमॅट केला किंवा त्याचे भाग बदलले की ते नव्यानं अ‍ॅक्टिव्हेट करावं लागायचं, आणि आता करणार कुठे? अशा मशीनवर 'जरा स्पीड वाढवून देतो' म्हणणाऱ्या कुणालाही हात लावू देऊ नका, गाणी ऑडिओत काढून होईपर्यंत तरी.

डोंगलवर स्टाइनबर्गशिवाय दुसरं काही आहे का तेही बघा. व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररी हा वाद्यवृंदाच्या आवाजांचा संचसुद्धा याच डोंगलवर होता आणि तो आयलॉक या दुसऱ्या लायसन्स पद्धतीकडे गेला. त्याची तक्रार स्टाइनबर्गला लिहून उत्तर मिळणार नाही, तिकडच्या सपोर्टला लिहावं लागेल.

सपोर्टला लिहिताना

'क्युबेस चालत नाही, अर्जंट' एवढ्या मेलला 'कुठली आवृत्ती?' एवढंच उत्तर येतं आणि त्यात एक-दोन दिवस जातात. पहिल्याच मेलमध्ये हे द्या: खिडकीचा तो फोटो, विंडोज किंवा मॅकओएसची आवृत्ती, क्युबेसची पूर्ण आवृत्ती, खात्याचा ईमेल, आणि डोंगलचा प्रश्न असेल तर डोंगलवर छापलेला क्रमांक. क्युबेस उघडत असेल तर आवृत्ती मदतीच्या मेन्यूत 'अबाउट'मध्ये दिसते. कुठली फाइल हलवल्यावर काय झालं तेही दोन ओळींत लिहा. डेस्कटॉपवरचं 'जुनी वाद्यं' फोल्डर उत्तर येईपर्यंत उडवू नका, त्यातली एखादी फाइल परत जागेवर ठेवून बघायला सांगतील.